शालूचे ताणमोजे

आमच्या हेंद्रे टेलर्समधून आजवर एकही माणूस वाकडा बाहेर पडलेला नाही. आत येताना कसा का येईना. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाचं पोट पुढं, कुणाला पोक. मी टेप गळ्यात अडकवतो, गिऱ्हाइकाभोवती एक चक्कर मारतो आणि दोष कुठं आहे ते मनात टिपून घेतो. तोंडानं चकार शब्द काढत नाही. मग जिथं कमी तिथं पॅड, जिथं जास्त तिथं चुणी, आणि सगळं कापडात जिरवून टाकतो. बाजारपेठेतले एक पोक आलेले व्यापारी पोराच्या लग्नात माझ्या कोटात असे ताठ उभे राहिले, की विहीणबाईंच्या मावशीनं त्यांनाच नवरदेव समजून ओवाळायला घेतलं. इचलकरंजीत अंग मोजून तिथल्या तिथं कपडे करून देणारी चार यंत्रं आली, तरी आमच्या दुकानासमोर माणसं थांबतात ती याच कारणानं. यंत्र जसं आहे तसं शिवतं. मी जसं पाहिजे तसं शिवतो.

हे आधी सांगून घेतोय, कारण पुढचं सांगायला जीभ जड होते. माझ्या स्वतःच्या पोरीचा कणा वाकडा होत होता, आणि दीड वर्ष मी तो असाच कापडात जिरवला.

शालू, म्हणजे शाल्मली, आमची एकुलती एक. तिचा गणवेश अर्थात मीच शिवायचो. सहावीच्या सुरुवातीला तिचा डावा खांदा सूतभर खाली वाटला. दप्तराचा भार असेल म्हणून त्या खांद्यात पातळसं पॅड घातलं. दिवाळीनंतर ते बदलून जाड घातलं. पुढच्या जूनमध्ये स्कर्टचा पट्टा एका बाजूला अर्धा इंच उचलून घेतला. हे सगळं माझे हात करत होते. डोकं त्यात नव्हतंच. शाळेतल्या बाई तिला विचारायच्या, कुणाचं गं हे फिटिंग, आणि ती घरी येऊन सांगायची तेव्हा माझी छाती फुगायची. असा हा शहाणा बाप.

बिंग फुटलं ते शाळेनं तयार गणवेश आणले तेव्हा. शालू नवा शर्ट घालून आली आणि डावा खांदा हा एवढा लोंबतोय. माझं डोकंच फिरलं. तिला तशीच घेऊन शाळेत गेलो आणि कंपनीच्या माणसाला फैलावर घेतलं. खांद्याचा उतार म्हणजे काय, काज कुठं यावं, कॉलर कुठं बसावी, यावर अर्धा तास त्याला तासला. तो बिचारा गुणी माणूस. एकामागून एक सात शर्ट काढून दिले त्यानं. सातही डावीकडंच लोंबले. तरी मी म्हणतोय की अख्खा गठ्ठाच खराब आहे. खेळाच्या जमादार बाई बाजूला उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी शालूला हात जोडून पुढं वाकायला लावलं. ती वाकली, आणि तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटं वर आली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "शर्ट बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मी आणि स्नेहल, म्हणजे माझी बायको, शालूला घेऊन मिरजेला गेलो. कण्याच्या डॉक्टर यास्मिन मुजावर मॅडम. त्यांनी फोटो काढला. माझ्या पोरीचा कणा एका बाजूला कलून स्वतःभोवती थोडा पिळला होता. सत्तावीस अंश. कारण काय, तर बऱ्याच मुलांत कारण सापडतच नाही म्हणाल्या. वाढ थांबायला अजून अडीच-तीन वर्षं होती. तोवर पाठ दाबून धरणारं जाकीट दिवसाचे अठरा तास घालून तो बाक आहे तिथं धरून ठेवायचा. पन्नाशीच्या घरात गेला तर मात्र ऑपरेशन, म्हणजे पाठीत सळ्या.

शालूनं एकच विचारलं. सळ्या घातल्यावर सूर मारता येईल का. आमची शालू शाळेच्या खो-खो संघात आहे, आणि खांबावरून तिनं मारलेला सूर बघायला पलीकडच्या वर्गातली पोरं खिडकीत येतात. मॅडमनी खोटा धीर दिला नाही. वर्षभर तर नाहीच, आणि नंतरही पाठ पूर्वीसारखी वाकणार नाही, असं सरळ सांगितलं.

मग मॅडमनी तिला पाठीवर झोपवलं आणि मांडी उभी धरून गुडघा सरळ करायला सांगितला. डावा पाय बऱ्यापैकी वर गेला. उजवा अर्ध्यात अडकला, काही केल्या पुढं जाईना. मला वाटलं पायातही काही निघालं. मॅडम म्हणाल्या, पायामुळं कणा वाकडा झाला असं मनात आणू नका. वाढीच्या वयात हाडं भराभर लांबतात, स्नायू मागं पडतात. मांडीच्या मागचे लांब स्नायू आपण बसतो त्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. ते आखडले की कमरेचं कडं खाली ओढतात. कणा वाकडा असलेल्या मुलांत ते पुष्कळदा आखडलेले सापडतात, कधी एका बाजूला जास्त. आता जाकीट टेकतं कुठं, तर त्याच कमरेच्या कड्यावर. एक पाय आखडला की कडं कलतं, कडं कललं की जाकीट सरकतं, आणि जिथं दाबायला हवं तिथं न दाबता भलतीकडं दाबतं.

हे मला लगेच कळलं. विजारीचा एक पाय आखूड शिवला की कमरपट्टा बसत नाही, तसला प्रकार.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी जे काढलं ते ताणमोजे. घोट्यापासून जांघेपर्यंत येणारे, पातळ, राखाडी. कापडात केसासारखे धागे विणलेले, आणि ते धागे ताणले किंवा दाबले गेले की त्यांच्यातून जाणारी वीज किंचित बदलते. स्नायू किती आखडलाय हे त्यावरून दिवसभर कळत राहतं. मोजे ते जाकिटाला कळवतात, आणि जाकिटातल्या हवेच्या उशा त्याप्रमाणं कुठं फुगतात, कुठं सैल होतात. पूर्वी डॉक्टर महिन्यातून एकदा पाय उचलून बघायचे. आता जाकिटाला क्षणाक्षणाला ठाऊक. स्नेहल ऑटोलूमच्या कारखान्यात सुपरवायझर. तिनं ते कापड बोटात धरून बघितलं आणि म्हणाली, आमच्या मागावर ताण मोजायला असलंच बसवलंय.

मोज्यांबरोबर एक डबी आली, कुंकवाच्या करंड्याएवढी. मोज्यांचा निरोप ती बोलून दाखवायची. आवाज बाईचा, आणि बोलणं असलं की आमच्या गल्लीत लग्नपत्रिकेतसुद्धा कुणी लिहीत नाही.

"शाल्मली, आपली उजवी मांडी किंचित आखडली आहे. कृपया दारापाशी जावे."

दारापाशी म्हणजे व्यायामाला. दाराच्या चौकटीत पाठीवर झोपायचं, एक पाय चौकटीला टेकून उभा करायचा, दुसरा दारातून बाहेर सरळ सोडायचा, आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. आमचं पुढं दुकान, मागं घर, आणि मध्ये झोपण्याजोगी एकच चौकट. त्यामुळं दिवसातून आठ वेळा शालू जाकिटासकट दुकानाच्या दारात आडवी. कपडे घालून बघायचा आरसा आतल्या बाजूला, म्हणून गिऱ्हाईक पायताण काढून, नमस्कार करून तिला ओलांडायचं. कुणी विचारायचं, नवस आहे का. डबीचा आवाज बंद करायची सोय फक्त मॅडमकडं होती, कारण पोरं पहिलं तेच करतात म्हणे. घरातल्या सगळ्यांनी सोबत व्यायाम करावा असंही मॅडमनी सांगितलं होतं. स्नेहल कामावर जायच्या आधी करायची. मी सांगितलं, आपल्याला वाकायचं काम नाही. खरंच नव्हतं. गुडघ्याशी वाकायला नको म्हणून मी गिऱ्हाइकाला उंच पाटावर उभं करतो, हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे.

स्नेहलच्या भाचीच्या साखरपुड्याला डबी तिच्या पर्समध्ये होती. भटजींनी सगळ्यांना शांत केलं, मुलानं अंगठी हातात घेतली, आणि पर्समधून स्पष्ट आवाजात निरोप आला की उजवी मांडी आखडली आहे. नवरा मुलगा दचकून स्वतःची मांडी चाचपायला लागला. शालू उठली आणि कार्यालयाच्या दारात आडवी झाली. तिला सवयच झाली होती. मुलाच्या काकांना कमरेचं जुनं दुखणं. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि धोतर सावरून दुसऱ्या दारात झोपले. दोन मिनिटांनी, बरं वाटतंय, असं आतून ओरडून सांगितलं. मग काय, जेवणाची पंगत बसेपर्यंत कार्यालयातली पाचही दारं भरली, आणि वाढप्यांना वाट राहिली नाही.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण पोरीला ते हसू सोसायचं होतं. तालुक्याच्या सामन्यात व्हायचं ते झालं. खेळताना जाकीट काढायची परवानगी होती, मोजे मात्र पायात. डबी मैदानाच्या कडेला पिशवीत. शालू पळतीला उतरली, चार मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही, आणि पिशवीतून बाई बोलल्या. उजवी मांडी. समोरच्या संघाच्या मास्तरांचे कान तिखट. त्यांनी आपल्या पोरींना ओरडून सांगितलं, उजवीकडून वळवा तिला. उजवीकडं वळताना शालू बाद झाली. सामना एका गुणानं गेला.

घरी आली ती रडली नाही. मोजे काढून माझ्या कापायच्या टेबलावर ठेवले आणि मांडी दाखवली. शिवणीच्या जागी लालभडक वळ उठला होता.

"पप्पा, रुततंय. जरा ढिलं करून द्या."

पंचवीस वर्षांत मला असं सांगणारं एकही गिऱ्हाईक मी परत पाठवलेलं नाही. मोजा उलटा केला. वाढत्या अंगासाठी कंपनीनं शिवणीत बोटभर माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवलेली होती. मोज्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, शिवण उसवू नये. ते वाचून मला उलट चेवच आला. भिंग लावून एकेक टाका काढला, वीजवाहू धागा एकही तुटू दिला नाही, आणि दोन्ही मोजे पाऊण पाऊण इंच सोडले. असलं नाजूक काम या जिल्ह्यात दुसरा कुणी करून दाखवू दे.

दुसऱ्या दिवसापासून डबी गप्प. चार दिवसांनी बोलली ती वेगळंच. "शाल्मली, उत्तम प्रगती. अभिनंदन." शालू नाचली. स्नेहलनं कारखान्यात पेढे वाटले. मॅडमनी मिरजेहून आकडे बघून शाबासकी पाठवली. पाय सुटले म्हटल्यावर जाकिटानंही उशा सैल केल्या, आणि शालूला ते अंगाला हलकं वाटायला लागलं. दारातलं झोपणं आठवरून दोनवर आलं, मग एकावर. गिऱ्हाइकं पूर्वीसारखी पायताणं घालून आत यायला लागली. माझ्या मनात पाल चुकचुकली नाही असं नाही. पण घरात इतक्या दिवसांनी सगळे हसत होते, मग मी कशाला तोंड उघडू. दहा आठवडे असे गेले.

मग जिल्हा स्पर्धेचे शर्ट शिवायला आले. बारा पोरी, बारा शर्ट. रविवारी सकाळी शालूला शर्ट घालून पाठमोरी उभी केली आणि तिचा नऊ नंबर पाठीवर टाचला. टेप लावून, मध्य काढून, अगदी सरळ. मागं सरून बघतो तर नऊ कललेला. टाचण्या काढल्या, नंबर उलट्या बाजूला किंचित तिरका धरून पुन्हा टाचला. मागं सरून बघितलं. झकास, सरळ दिसत होता. मी खडू कानावर ठेवला आणि मापाची वही ओढली, आणि तिथंच हात थांबला. काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंचं माप घ्यायची माझी सवय आहे. गणवेशाच्या वेळी शालूच्या दोन बाजूंत अर्ध्या इंचाचा फरक लिहिला होता. आता टेप लावली तर पाऊण इंचाच्या वर. पुन्हा लावली. तेवढाच. उत्तम प्रगती म्हणणारी डबी फळीवर बसलेली, आणि माझी टेप दुसरंच सांगत होती.

टेपवर मी कधी अविश्वास दाखवलेला नाही. मी पाटावर बसलो.

शालूनं मान वळवून विचारलं काय झालं. मी सांगितलं, पाठीला फरक पडलाय, बाक वाढलाय. तिनं हात मागं नेऊन पाठीवरचा नंबर चाचपला. मग म्हणाली, "तुम्ही नंबर तिरका शिवा ना पप्पा. कुणाला कळणार नाही."

हे वाक्य माझंच होतं. पंचवीस वर्षं दुकानात माझे हात हेच म्हणत आलेत, आणि ते पोरीनं उचललं होतं. मला भयंकर वाईट वाटलं, आणि स्वतःचा राग आला. मी तिला समोर बसवलं आणि मोजे सैल केल्यानं काय झालं ते समजावलं. सैल मोज्याला स्नायूचा ताण लागेना. त्यानं जाकिटाला कळवलं सगळं ठीक आहे, आणि जाकिटानं पाठ सोडून दिली. तिचा चेहरा उतरला.

"मी सांगितलं म्हणून केलंत ना तुम्ही?"

"गिऱ्हाईक काय पण सांगतं, शालू," मी म्हणालो. "कात्री माझ्या हातात होती."

स्नेहल दुपारी पाळी संपवून आली. तिला सांगायचं म्हणजे दुसरी परीक्षा. डबा धुऊन ठेवेपर्यंत तिनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"आमच्याकडं एकानं असंच केलं होतं," ती म्हणाली. "ताण बिघडला की मागावर लाल दिवा लागतो. सारखा लागतोय म्हणून त्यानं दिव्यावर चिकटपट्टी लावली. मागावरच्या सुताचं अख्खं बीम वाकडं गेलं. त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवला." मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही घरीच आहात. तुम्हाला कुठं पाठवू?"

आठ दिवस आमच्यात मीठ-भाकरीपुरतंच बोलणं होतं.

सोमवारी मिरज. गाडी बिनड्रायव्हरची, त्यामुळं वाटेत कुणाशी बोलून मन हलकं करायचीही सोय नाही. मॅडमसमोर मी उसवलेला मोजा ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, पॅडापासून. त्यांनी आधी फोटो काढला. चौतीस अंश. सत्तावीसचे चौतीस. शालूनं माझा हात घट्ट धरला होता.

मॅडम चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. म्हणाल्या, दहा आठवडे जाकीट आंधळं होतं, आणि त्याचे डोळे तुम्ही शिवलेत. अजून हातातून गेलेलं नाही, पण आता एकही दिवस वाया घालवायचा नाही. कंपनीकडून नवे मोजे मागवते. मी मान खाली घालून ऐकत होतो. पण नवे मोजे म्हटल्यावर गप्प राहवेना. खोड आहे. मी म्हणालो, मॅडम, चूक माझी, शंभर टक्के. पण नवे आणले तरी ते रुतणारच, आणि पोरं ते कसेतरी ढिले करणारच. कारण कापड चुकीचं कापलंय.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

मग मी टेबलावर त्यांचाच रुमाल पसरून दाखवलं. उभ्या धाग्यावर ओढला तर कापड ताणत नाही, आडव्यावर ओढलं तर जेमतेम. तेच कोपरा धरून तिरकं ओढलं की कसं मऊ होऊन वाढतं आणि परत जागेवर येतं. त्याला आम्ही उरेब म्हणतो. पूर्वी बायकांच्या झग्यांना लावायचे. मांडी चालताना फुगते, बसताना पसरते, आणि तिला तुम्ही उभ्या धाग्यात कोंबलंय. वळ उठणार नाही तर काय होणार. हेच कापड उरेब कापलं तर घट्टही बसेल आणि रुतणारही नाही.

मॅडम बराच वेळ रुमाल ओढत बसल्या. दवाखान्यातल्या इंजिनियरला बोलावलं, त्यालाही ओढायला लावला. शेवटी मला न शिवलेलं कापड मिळालं आणि तीन जोड शिवायची परवानगी मिळाली. शिवून आणले की आधी मॅडम हातानं गुडघ्याचा कोन मोजणार, मग मोजे काय सांगतात ते बघणार, आणि दोन्ही जुळले तरच पोरीच्या पायात. शिवाय एक अट. चौथा जोड माझ्या मापाचा शिवायचा, आणि तो मी घालायचा. सकाळ-संध्याकाळ, शालूबरोबर, दारात.

मोजे जुळले. दोन अंशांच्या आत. पहिल्या दोन जोडांत शालूला नेमकं कुठं टोचतं ते तिनं सांगितलं, आणि मी तसं बदलत गेलो. गंमत म्हणजे पूर्वीच्या कुठल्याच गणवेशाच्या वेळी मी तिला काही विचारलं नव्हतं.

माझ्या मोज्यांचं उद्घाटन आठव्या दिवशी सकाळी झालं. मी दारात पाठ टेकली, पाय उचलला. तो जमिनीपासून हातभर वर जाऊन थांबला. फळीवरून आवाज आला.

"दिगंबर, आपल्या मांडीचे वय अंदाजे एकाहत्तर आहे. कृपया घाई करू नये."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. बघतो तर स्नेहल ओट्याला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आठ दिवसांनी हसली. मी पाय तसाच वर धरून पडून राहिलो. त्या दिवसापासून आमच्या दारात दोघं आडवे, एकाचे पाय दुकानात, एकीचे घरात. गिऱ्हाइकांना आता लांब उडी मारायला लागायची.

शालू जिल्हा स्पर्धा खेळली. शर्टावर नऊ नंबर मी टेप लावून सरळ शिवला, आणि तो तिच्या पाठीवर कललेला दिसला. डबीचा आवाज मैदानावर बंद ठेवायची परवानगी मॅडमनी दिली होती, आखडलं की जमादार बाईंच्या मनगटावर खूण यायची. खेळ संपला की पुन्हा जाकीट, अठरा तास. उन्हाळ्यात घामोळं यायचं, चिडचिड व्हायची. एकदा तिनं जाकीट अंगणात फेकून दिलं आणि अर्ध्या तासानं स्वतःच उचलून आणलं. दर चार महिन्यांनी मिरज. पहिल्या फोटोत चौतीसच राहिला, वाढला नाही, तेव्हा मी आणि स्नेहल दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. मग तेहतीस. मग बत्तीस. दहावीच्या डिसेंबरात मॅडमनी तिच्या हाडांचा फोटो बघितला आणि म्हणाल्या, वाढ थांबली. एकतीस. हा आता असाच राहील. जाकीट काढा. ऑपरेशन नाही.

शालू दवाखान्याच्या पटांगणात गेली आणि गुलमोहराच्या बुंध्यावरून एक सूर मारला. मुरुमात कोपरं सोलवटून घेतली. मॅडम खिडकीतून ओरडल्या, पण हसत.

फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ. शालूला निळा झगा हवा होता, बाहीवाला. मी माप घ्यायला उभा राहिलो तर ती पाटावर चढायला लागली. म्हटलं, पाट राहू दे. ती जमिनीवर उभी राहिली आणि मी घेराचं माप घ्यायला खाली वाकलो, गुडघे न मोडता, टेप थेट घोट्यापर्यंत. माझ्या मांडीचं वय आता त्रेपन्न आहे, स्वतःच्या वयापासून फार लांब नाही.

मापं झाली. डावा खांदा अजून खाली होता, बोटभर. पॅडांचा डबा फळीवर होता. पंचविसाहून जास्त वर्षांत जे कुठल्याच गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"शालू, डावा खांदा खाली आहे. पॅड लावू का?"

ती आरशासमोर उभी राहिली. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

"लावा," म्हणाली. "उजवीकडं पण. सारखंच."

मी तिला समजावून सांगितलं, की दोन्हीकडं सारखं लावलं तर दोन्ही खांदे तेवढेच उचलणार आणि डावा खालचा खालीच राहणार. मग लावून उपयोग काय.

"राहू दे की, पप्पा. खांदा माझा आहे. पॅड फॅशनला पाहिजेत."

मी मापाच्या वहीत डाव्या आणि उजव्या खांद्याचे दोन वेगळे आकडे लिहिले आणि डब्यातून दोन सारखी पॅडं काढली. निरोप समारंभाला ती तशीच गेली, एक खांदा वर, एक खाली, मान ताठ. हेंद्रे टेलर्समधून वाकडं बाहेर पडलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा राहून बघत होतो, आणि फिटिंगमध्ये मला एकसुद्धा चूक सापडली नाही.